वरच्या जबड्याचं अरुंद हाड रुंदावून इम्प्लांट: दहा महिन्यांनंतर

वरचे डावीकडचे दोन दात काढून आठ वर्षं झाली होती. तेवढा काळ काढघाल करायची कवळी वापरली. दात गेला की तिथलं हाडही झिजतं, पहिल्याच वर्षात रुंदी निम्म्यापर्यंत उतरू शकते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हाडाची कड जेमतेम ४ मिलिमीटर भरली. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू. माझा ३.५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एक-दीड मिलिमीटर तरी हाड हवं. बसणार कुठे?

दोन मार्ग होते: शरीरात दुसरीकडून हाडाचा तुकडा काढून जोडायचा आणि काही महिने थांबायचं, किंवा आहे तीच कड मधोमध चिरून हळूहळू फाकवायची. मी दुसरा मार्ग घेतला. वरच्या जबड्याचं हाड आतून सच्छिद्र असतं, थोडं वाकतं. खालचं टणक, तडकण्याची भीती जास्त.

संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं. भूल होती, दुखलं नाही. पण छिन्नीवर हातोडीचा प्रत्येक ठोका कपाळात घुमायचा. मग हाड फाकवायचे एकाहून एक जाड स्क्रू हाताने फिरवून फट वाढवली, दोन इम्प्लांट त्याच बैठकीत बसले. उरलेल्या फटीत हाडाची पावडर भरली. ती गाईच्या हाडापासून केलेली होती, मी विचारलं म्हणून कळलं. घरात ज्यांना हे चालणार नाही त्यांनी आधीच बोलावं, कृत्रिम पावडरही मिळते.

सूज पाच दिवसांत ओसरली. खरा त्रास वेगळाच निघाला. तिसऱ्या रात्री कुशीवर वळले आणि खोली गरगर फिरली. अर्धा मिनिट पलंगाची कड घट्ट धरून होते. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, अशक्तपणा आहे, सरबत घ्या. सहा दिवस तसेच काढले. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की, डोकं मागे झुकलेलं असताना ठोके बसले की आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे हलू शकतात. त्यांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवत मला आडवं केलं, बसवलं. याला एप्ले म्हणतात. दोनदा केल्यावर चक्कर थांबली. हा धोका ठाऊक असलेलाच आहे, मग सही घेण्याआधी तो पेशंटला सांगायला हवा होता. तुम्ही मात्र विचारा: हातोडी वापरणार का, की नुसत्या स्क्रूने किंवा पिएझोने (बारीक कंपनांनी हाड कापणारं यंत्र) भागेल?

पाच महिन्यांनी इम्प्लांटवर कॅप, म्हणजे वरचे कृत्रिम दात, बसल्या. आता ज्वारीची भाकरी, पेरू, भाजलेले शेंगदाणे डाव्या बाजूने खाते. कॅपच्या मधे पालेभाजीचे दोरे अडकतात, त्यासाठी बारीक ब्रश रोज लागतो.

परवाच्या एक्स-रेत हाड ठीक दिसलं. पण साध्या एक्स-रेत इम्प्लांटच्या दोन बाजूंचंच हाड दिसतं, गालाकडची पातळ भिंत दिसत नाही, आणि फाकवलेली तर तीच. म्हणून महिन्यातून एकदा खिडकीशी उभी राहून ओठ वर करते, हिरडी वर सरकलेली नाही ना ते बघते आणि फोटो काढून ठेवते.