घरकुलाचं दार, कडी-कुलूप अन् हप्त्याचा पैसा: पांढरकवड्यातल्या या हार्डवेअरला माझे चार तारे

घरकुलाच्या दाराचं अन् वायरिंगचं सगळं सामान मी या दुकानातून घेतलं. आता आमच्या बचत गटातल्या बायाही इथूनच घेतात. ज्यांचं घरकुल यंदा मंजूर झालं त्यांच्या कामी यावं म्हणून सविस्तर लिहिते.

कापूस फुटला की आमच्याकडे सकाळीच अख्खं घर वेचायला जातं. पोरं शाळेत, म्हातारी माणसंही वावरात. दिवसभर गल्लीत कुत्र्याशिवाय कोणी नसतं. त्यामुळे चोरीची भीती रात्रीपेक्षा दिवसाची जास्त. भिंती विटा-सिमेंटच्या झाल्या, स्लॅब पडला, पण दार बहुतेकांचं पत्र्याचं असतं अन् त्याला बाजारातलं पन्नास-साठ रुपयांचं कुलूप. तसल्या कुलपाला शेजारणीची चावीही लागते.

मी चांगलं मोठं कुलूप मागितलं. मालकांनी कुलूप काढायच्या आधी विचारलं, "ताई, कोयंडा कशावर बसवला, स्क्रूवर का बोल्टवर?" मग काउंटरवरच्या फळीला ठोकलेला एक नमुन्याचा कोयंडा त्यांनी पुढे ओढला, त्याला कुलूप घातलं अन् पेचकसानं चार स्क्रू काढून कोयंडा कुलपासकट माझ्या हातात दिला. "पाहा, कुलपाले हात बी नाही लावला." आमच्या गावातल्या निम्म्या दारांचे स्क्रू असेच बाहेरून दिसतात.

त्यांनी गोल, गुळगुळीत डोक्याचे बोल्ट दिले. डोकं बाहेर राहतं, त्याला पेचकस किंवा पाना धरत नाही, अन् नट आतून कसायचा. पत्रा पातळ असतो, म्हणून नटाखाली आतून लोखंडी पट्टी लावायची, नाहीतर जोरात ओढलं की बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. बिजागरी बाहेरच्या बाजूला असेल तर तिची पिन वेल्डिंगवाल्याकडून डागून घ्यायला सांगितलं, कारण पिन ठोकून काढली की दार उलट्या बाजूनं उघडतं. या सगळ्या सामानाला कुलपापेक्षा कमी पैसे लागले.

अजून एक प्रश्न त्यांनी विचारला, तो मला फार आवडला. घर काळ्या मातीवर आहे का? आमचं आहेच. काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, तशी चौकटही थोडी हलते. जुलैत कडी भोकात जाईना म्हणून लोक चिडून कडीच घासून बारीक करतात किंवा नुसती साखळी गुंडाळून कुलूप घालतात. त्यांनी लांबट भोकाची पट्टी दिली. चौकट वर-खाली झाली तरी कडी पूर्ण आत जाते. पावसाळा गेला, अजून अडकली नाही.

कुलूप घेतलं ते गोदरेजचं सात लिव्हरचं नवताल. लिव्हर म्हणजे कुलपाच्या आतल्या, चावीनं उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या. त्या जितक्या जास्त, तितकी दुसऱ्या चावीनं उघडायची शक्यता कमी. वजन हातालाच कळतं. एक चावी मी माहेरी ठेवली. चौकटीवर किंवा तुळशीखाली चावी ठेवायची सवय मात्र सोडा, ती जागा सगळ्या गावाला माहीत असते.

आता वायरिंगचं. हे मला कुलपापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. घरकुल म्हणजे २५ चौरस मीटरच्या आसपासचं घर. भाव वाढेल म्हणून आपण त्याच खोलीत छतापर्यंत कापूस भरतो अन् त्याच्याच बाजूला झोपतो. ढिगाच्या वर सैल वायरचं बोर्ड असलं अन् एक ठिणगी पडली तर आग ढिगाच्या आत धुमसत जाते, वरून पाणी टाकलं तरी आतली विझत नाही. मी इथून एमसीबी अन् ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी घेतलं. वायरवर भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर एमसीबी पडतो. ओल्या भिंतीत किंवा कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर ईएलसीबी लाइन तोडतं. महाग वाटतं, पण कूलरला हात लागून माणसं गेल्याचं आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. बसवून मात्र वायरमनकडूनच घ्या, महिन्यातून एकदा ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबून पाहा, अन् कापूस बोर्डापासून दूर रचा.

पैशाच्या बाबतीत हे दुकान सरळ आहे, अन् माझे चार तारे मुख्य त्यासाठी. घरकुलाचे पैसे एकदम मिळत नाहीत. काम जसं वर येतं, फोटो जातो, तसा हप्ता खात्यात पडतो. मधल्या काळात उधारी लागतेच. दुसऱ्या एका दुकानात मला उधारीसाठी पासबुक अन् एटीएम कार्ड ठेवून जा म्हणाले होते, पिनसकट. मी तिथून उठून आले. इथे वहीत लिहितात, त्याच ओळीचा फोटो आपल्याला काढू देतात, अन् पक्कं बिल देतात. कार्ड मागत नाहीत. पुढचा हप्ता येण्याआधी दाराचं घ्या, टाइल्सचं नंतर पाहू, असं स्वतःहून सांगतात.

बायांनो, कार्ड अन् पिन कोणालाच देऊ नका. अंगठ्यानं पैसे काढताना "लागला नाही, परत लावा" म्हणाले तर आधी स्लिप मागा किंवा मोबाइलवरचा मेसेज पाहा, मगच परत लावा. "हप्ता अडकला, ओटीपी सांगा" असा फोन आला तर कापून टाका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, जितका उशीर तितका पैसा हातातून जातो. कापसाचंही तसंच. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, दिला तर पैसे खात्यात येतात, व्यापाऱ्याचे रोख घरी येतात. रोख आले की दुसऱ्याच दिवशी बँकेत किंवा पोस्टात भरा. पेटीत, गादीखाली, धान्याच्या कोठीत ठेवलेला पैसा कोणतंही कुलूप वाचवत नाही.

एक तारा कमी केला तो दोन गोष्टींसाठी. बसवायला माणूस देत नाहीत, तो आपणच शोधायचा. अन् बाजाराच्या दिवशी काउंटरवरचा मुलगा बायकांना तिष्ठत ठेवतो, मागून आलेल्या माणसांचं सामान आधी काढतो. मालकांना मी हे तोंडावर सांगितलं आहे. बाजाराचा दिवस सोडून दुपारी गेलात तर मालक स्वतः असतात. जाताना दाराची जाडी अन् चौकटीचं माप कागदावर लिहून न्या. बोल्ट किती लांबीचा द्यायचा ते त्यावरूनच ठरतं.