लिज्जत उडीद पापड: पंचाहत्तर ताटांमागचा हिशेब

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझी छोटी खानावळ आहे. बसून जेवणारे तीसेक आणि डबे पंचेचाळीस. रविवार सोडला तर रोज पंचाहत्तर पापड माझ्या हातून जातात, त्यामुळे पापडाबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

लिज्जतचा उडीद पापड तापल्या तेलात सोडला की एका दमात फुलतो आणि रंग धरायच्या आत बाहेर काढता येतो. तेल फारसं पीत नाही. भाजायचा असेल तर आधी कडा शेकायच्या, चिमट्याने सारखा फिरवत राहायचं. नाहीतर मधे काळे डाग आणि काठ कच्चा. मिरी मात्र सढळ. सासऱ्यांना ठसका लागतो, म्हणून त्यांच्यापुरता मुगाचा आणते. तळलेला पापड पावसाळ्यात सादळतो, त्याला कुणाकडेच इलाज नाही.

सुट्या पापडापेक्षा हा महाग पडतो. गेल्या आषाढात गॅस, तेल, डाळ सगळंच अंगावर आलं, तेव्हा एका व्यापाऱ्याने स्वस्तातला सुटा पापड दाखवला. दहा किलो घेतला. तळला की लालसर व्हायचा आणि मागून पापडखाराची कडवट चव यायची. मग मी एक शहाणपणा केला. बसून जेवणाऱ्यांना लिज्जत आणि डब्यात तो स्वस्तातला. डबा खाणारा काही माझ्या तोंडावर बोलायला येत नाही ना!

पंधरा दिवसांनी डब्याचे पैसे द्यायला आलेल्या मुलाने विचारलं, "काकू, पापड दोन प्रकारचे असतात का तुमच्याकडे? माझा मित्र इथे बसून जेवतो, त्याचा वेगळा लागतो." मी म्हटलं, "लॉट बदलला असेल रे." आणि सरळ आत निघून गेले.

लिज्जतची गोष्ट मला तोंडपाठ होती, म्हणून जास्त लागलं. 15 मार्च 1959 ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांनीही आधी दोन प्रती काढल्या होत्या, एक चांगली आणि एक हलकी, स्वस्तात विकायला. त्यांना सल्ला देणाऱ्या छगनबाप्पांनी ते बंद करायला लावलं: पापड एकाच प्रतीचा करा. पहिल्या पावसाळ्यात वाळवणच होईना, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, वर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. मला सगळ्यात आवडतो तो हा स्टोव्ह. देणगी घ्यायची नाही हेही पहिल्यापासूनचं. त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 ला पद्मश्री मिळाली.

आजही लिज्जतच्या भगिनी, म्हणजे सभासद बायका, सकाळी शाखेतून मळलेलं पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. तिथे पापड तपासून घेतला जातो आणि लाटण्याची मजुरी हातात मिळते. संस्थेच्या मालक त्याच, म्हणून नफा त्यांचा आणि तोटाही त्यांचाच. आपल्याच संस्थेत वाकडा पापड खपवून कुणाला फसवणार?

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या डब्यांत लिज्जत. डब्याचे महिन्याला पन्नास रुपये वाढवले, तर दोघांनी डबा बंद केला. त्या मुलाने केला नाही.

पाच तारे देते. घेताना पाकिटावरची तारीख तेवढी बघा, दुकानात जुनं पाकीट पुढे ठेवलेलं असतं.

स्वस्तातल्या पापडाचे उरलेले सहा किलो माळ्यावर पडलेत. व्यापारी परत घेत नाही. नवरा म्हणतो, विकून टाक. कुणाला, ते मात्र सांगत नाही.