शैवालाचं तळं की एरेटरचं?

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या स्थिरीकरण तलावात शैवाल उन्हावर ऑक्सिजन तयार करतं आणि जिवाणू मैला पचवतात. वीज जवळपास लागतच नाही. पण खोली जेमतेम 1 ते 2 मीटर आणि पाणी कित्येक दिवस थांबवायचं, म्हणजे जागा भरपूर हवी. मुंबईत वर्सोवा, भांडुप, घाटकोपरला एरेटरची, म्हणजे विजेवर पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रांची, खोल तळी बांधली गेली. तिथे काम लवकर उरकतं, पण वीज गेली की ऑक्सिजन बंद, शिवाय मोटार-गिअरबॉक्सची देखभाल कायमची मागे लागते.

स्थिरीकरण तलावाची तब्येत रंगावरूनच कळते: हिरवा असेल तर ठीक, राखाडी किंवा गुलाबी झाला तर बहुधा मैल्याचा भार वाढलाय. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (त्यातली सेंद्रिय घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) गाळून आणि न गाळता, दोन्ही मोजा; नाहीतर शैवालाचा भार मैल्याच्या खात्यावर पडतो.

गाळ दोन्हीकडे साचतो. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ती तळाला सरळ टेकवायची, सावकाश वर काढायची. काळा पट्टा जेवढा, तेवढा गाळ. इतकी स्वस्त तपासणीही टाळली जाते, याचं फार वाईट वाटतं.

छोट्या गावाकडे जमीन असेल, तर मी स्थिरीकरण तलावच सुचवेन. काठावरचं गवत आणि पाण्यावरची साय मात्र नियमित काढायला हवी, नाहीतर डास होतात.