‘मुवत्ता’ घ्यायचा, पण कोणाच्या रिवायतीचा?

हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची कथनं. त्यांचा पहिला ग्रंथ म्हणून इमाम मालिक यांचा ‘मुवत्ता’ वाचायचं ठरवलंत, की एकाच नावाची दोन पुस्तकं समोर येतात. एकावर याह्या इब्न याह्या अल-लैसी यांचं नाव, दुसऱ्यावर मुहम्मद इब्न हसन अश-शैबानी यांचं. हाताला लागेल ते उचलू नका, कारण फरक नुसत्या छपाईचा नाही. मालिक (निधन 795) मदिनेत वर्षानुवर्षं हा ग्रंथ शिकवत होते आणि शिकवता शिकवता त्यात फेरफारही करत होते. ज्याने जे ऐकलं, ते तो आपल्या मुलखात घेऊन गेला. अशा एकेकाने पुढे सांगितलेल्या पाठाला रिवायत म्हणतात.

याह्या अंदालुसमधल्या, म्हणजे मुस्लिम स्पेनमधल्या, कॉर्डोबाचे. त्यांची एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. मदिनेत हत्ती आला, सगळा वर्ग बघायला धावला, हे मात्र जागचे हलले नाहीत. मालिक यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, मी इतक्या लांबून तुम्हाला बघायला आलोय, हत्ती बघायला नाही. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. एतिकाफच्या, म्हणजे मशिदीत मुक्काम करून करायच्या उपासनेच्या, प्रकरणातला काही भाग खुद्द मालिक यांच्या तोंडून ऐकल्याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून तेवढा भाग त्यांनी आपले आधीचे गुरू झियाद यांच्या नावाने दिला.

जगभर ‘मुवत्ता’ म्हणून जो ओळखला जातो तो याह्यांचाच. अबू बक्र अल-अबहरी यांनी ‘मुवत्ता’तली एकेक कथनं मोजली ती 1720. त्यात अखंड सनदीने (कोणी कोणाकडून ऐकलं त्या साखळीने) पैगंबरांपर्यंत जाणारी 600, तर सहाब्यांची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांची, 613. वर मालिक यांचे स्वतःचे निर्णय आणि ‘आमच्याकडे सर्वमान्य आहे ते असं’ हे त्यांचं पालुपद. मदिनेची चालरीत त्यांच्यासाठी पुरावाच होती.

शैबानी वाढले कुफ्यात, इमाम अबू हनीफा आणि अबू यूसुफ यांच्या हाताखाली. मालिक यांच्याकडे ते तीनेक वर्षं होते. त्यांच्या ग्रंथात मालिक यांची मतं बरीचशी गळली आहेत. हदीस दिली की खाली ‘मुहम्मद म्हणतात’ (म्हणजे शैबानी स्वतः) आणि मग हनफी, म्हणजे अबू हनीफा यांच्या पंथाचा, निर्णय. नमाजमध्ये रुकूच्या, म्हणजे कमरेत वाकण्याच्या, वेळीही हात उचलण्याची सहाबी इब्न उमर यांची हदीस त्यांनी मालिक यांच्याच सनदीने दिली आहे, आणि लगेच लिहिलंय की हात उचलायचे ते सुरुवातीला, एकदाच.

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून एकच हदीस काढा: विकणारा आणि घेणारा वेगळे होईपर्यंत दोघांनाही व्यवहार मोडायची मुभा आहे. याह्यांच्या ग्रंथात मालिक, ज्यांनी स्वतः ही हदीस आपले गुरू नाफे यांच्याकडून सांगितली, ते खाली म्हणतात की याला आमच्याकडे ठरलेली मर्यादा नाही आणि तसा रिवाजही नाही. शैबानी म्हणतात, आम्ही ही हदीस घेतो; पण ‘वेगळे होणं’ म्हणजे बोलणं संपणं. ‘विकलं’ म्हटल्यावर समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंतच माघार. या दोघांकडेही शिकलेले इमाम शाफई मात्र शब्दशः घेतात: दोघं उठून आपापल्या वाटेने जाईपर्यंत. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे याच इमामांच्या पंथाचे, घाटावरचे बहुतेक हनफी. मुंबईत नमाजाच्या एकाच रांगेत शाफईचे हात रुकूला उठतात आणि शेजारच्या हनफीचे उठत नाहीत, त्यामागचा वाद इतका जुना आहे.

मदिना कशी जगत होती, मालिक विचार कसा करत, हे हवं असेल तर याह्या. शैबानींच्या ग्रंथात मालिक शोधायला जाल तर निराश व्हाल. घर हनफी असेल आणि ‘हदीसमध्ये असं आहे, मग आपण वेगळं का करतो’ हा प्रश्न छळत असेल, तर शैबानीच. आकाराने लहान आहे, उत्तर तिथल्या तिथे मिळतं. एकच घ्यायचा झाला तर मी याह्यांचा सांगेन, कारण शैबानी कुठे वेगळे गेले हे कळायला आधी मूळ वाट ठाऊक हवी.

भाष्यांची चिंता नको. याह्यांच्या रिवायतीवर दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी अरबीत ‘मुसव्वा’ आणि फारसीत ‘मुसफ्फा’ लिहिलं, तर शैबानींच्या ग्रंथावर लखनौच्या अब्दुल हय यांनी. इंग्रजी भाषांतरं दोन्हींची आहेत. सुरुवात खरेदी-विक्रीच्या प्रकरणापासून करा.