चिठ्ठी देऊन सोडायचं, की उपचार तिथंच सुरू करायचा?

ट्रामाडॉल या अफूसारख्या (ओपिऑइड) वेदनाशामक गोळीची सवय लागलेला ऊसतोड कामगार रात्री कॅज्युअल्टीत येतो. गोळी बंद झाल्यानं अंग ठणकतंय, घाम, जुलाब, झोप नाही.

सोपी वाट म्हणजे सलाईन आणि 'व्यसनमुक्ती केंद्रात दाखवा' ही चिठ्ठी. गर्दीत तेवढंच जमतं, हे कबूल. पण बीडकडच्या गावातून संभाजीनगर गाठायचं म्हणजे मजुरी बुडते, न्‌ चिठ्ठी खिशातच राहते.

दुसरी वाट: ब्युप्रेनॉर्फिनचा (गोळी सुटल्याचा त्रास न्‌ ओढ कमी करणारं औषध) पहिला डोस तिथंच, लगेच मानसोपचार विभागाला फोन आणि पुढची तारीख रुग्णाच्या हातात. अमेरिकेत येलच्या डॉक्टरांनी ओपिऑइडचं व्यसन असलेल्या ३२९ रुग्णांवर चाचणी केली. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ३० दिवसांनी ब्युप्रेनॉर्फिन तिथंच सुरू केलेले ७८ टक्के रुग्ण उपचारात होते, नुसती चिठ्ठी मिळालेले ३७. घाई मात्र नको: गोळी सुटल्याच्या त्रासाची लक्षणं नीट दिसण्याआधी डोस दिला, तर त्रास एकदम वाढतो.

माझं मत दुसऱ्या वाटेला. अडचण औषधाची, ते नियंत्रित आहे, तालुक्याला सहज मिळत नाही. (ट्रामाडॉलही २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी ते मिळतंच!) औषध नसेल तिथं निदान रुग्णासमोर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावून द्यावा, नातेवाइकालाही बोलू द्यावं.