फ्रीलान्सिंग साइटवर पाच-सहा महिने: काम मिळतं, पण आधी क्रेडिट जळतात

काल परत क्रेडिट संपले म्हणून लिहायला बसलोय, सूर तिरसट लागला तर चालवून घ्या. प्रोफाइल, प्रपोजल (म्हणजे क्लायंटने टाकलेल्या कामासाठी आपण करायचा अर्ज) वगैरेच्या खोलात जात नाही. साइटचं नावही घेत नाही. माझं काम एक्सेलचं, बँकेच्या पीडीएफ स्टेटमेंटवरून शीट बनवून डेटा साफ करून देणं.

खरं दुखणं एकच, प्रपोजल टाकायला क्रेडिट लागतात आणि ते विकत घ्यायचे. क्लायंटने उघडून बघितलंच नाही तरी गेले ते गेले. त्यात पैसे डॉलरमध्ये कापतात, म्हणजे माझ्या कार्डावर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात पैसे भरल्याबद्दल बँकेचा जादा आकार, आणि त्या मार्कअपवर परत 18 टक्के जीएसटी. बायको म्हणते एवढ्याचे तर तू वडापाव खातोस, अगं पण वडापाव मिळतो तरी! शिवाय लिस्टमध्ये वर दिसायचं तर जादा क्रेडिटची बोली लावा, म्हणजे ज्याच्याकडे आधीच कामं आहेत तोच वर चढणार.

कमिशनवरून लोक बोंबलतात, मला ते तेवढं खटकत नाही. अशाच साइटपैकी फायव्हर 20 टक्के घेतं, फ्रीलान्सर डॉट कॉम फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या कामाला 10 टक्के किंवा 5 डॉलर, जे जास्त असेल ते, म्हणजे 20 डॉलरच्या कामात पाव हिस्सा गेला. पण निदान काम मिळाल्यावर घेतात ना.

पहिले काही महिने माझं मत होतं की साइट फालतू आहे. आता तसं म्हणवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या एका अकाउंट्स बघणाऱ्या बाईंची पोस्ट होती, सोबत नमुना फाइल. त्यात तारखांचा पार गोंधळ. तिकडे आपल्यासारखाच आधी दिवस मग महिना, पण फाइल अमेरिकन सेटिंगवर उघडलेली, त्यामुळे 03/04 म्हणजे 3 एप्रिल, त्याचा 4 मार्च झालेला, आणि 13 तारखेपासून पुढच्या सगळ्या तारखा नुसता टेक्स्ट होऊन सेलच्या डावीकडे चिकटलेल्या. मी प्रपोजलमध्ये ‘डिअर सर’ आणि अनुभवाची टेप न लावता हा तारखांचा घोळ एवढाच लिहिला आणि दुरुस्त केलेल्या थोड्या ओळींचा स्क्रीनशॉट जोडला. बोली वगैरे काही नाही. तासाभरात मेसेज! पहाटे जागा होतो हाही फायदा, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले चार-पाच, तेव्हा पोस्टखाली गर्दी नसते. त्यानंतर प्रोफाइलवरचं ‘डेटा एंट्री, टायपिंग, सगळं करतो’ काढून फक्त बँक स्टेटमेंट ठेवलं, तेव्हापासून प्रपोजल उघडली तरी जातात.

आता आधी क्लायंटची कुंडली बघतो. पेमेंट व्हेरिफाइड आहे का, म्हणजे त्याचं कार्ड वगैरे साइटने तपासलंय का, आधी कुणाला काम दिलंय का, की नुसत्याच पोस्ट टाकतोय. ‘टेलिग्रामवर या’ म्हणाला की सोडून द्यायचा, पुढे टायपिंगच्या कामासाठी डिपॉझिट मागतात. अशाच एका बनावट पोस्टवर माझे क्रेडिट गेले, साइटने पोस्ट उडवली पण क्रेडिट मागितले तर सपोर्टचा छापील रिप्लाय, परत लिहिलं तर तोच रिप्लाय, फक्त खालचं नाव वेगळं.

त्या बाई आता दर महिन्याला काम पाठवतात, पण एकीवर भागत नाही, नवीन क्लायंटसाठी क्रेडिट लागतातच. मोठा पॅक स्वस्त दिसतो, घेऊ नका, न वापरलेले एक्सपायर होतात. मी सगळ्यात लहान घेतला, तोही बायकोच्या कार्डावरून, तिच्या कार्डाला मार्कअप कमी आहे.