आयर्विन पूल स्क्रीनवर बांधायचा: स्टुडिओ घ्यावं की लिओकॅड?

सांगलीचा आयर्विन पूल खेळण्यातल्या विटांनी करायचा, पण विटा विकत घेण्याआधी कॉम्प्युटरवर जुळवून बघायचा, तर दोन फुकट पर्याय आहेत: ब्रिकलिंकचं (लेगोच्या विटांची ऑनलाइन बाजारपेठ) स्टुडिओ आणि लिओकॅड.

आधी मशीन बघा. स्टुडिओ फक्त विंडोज आणि मॅकवर येतं. लिनक्स असेल तर विषय संपला, लिओकॅडच. जुन्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपलाही लिओकॅडच मानवतं. त्यावर स्टुडिओत मोठं मॉडेल फिरवायला घेतलं की ते अडखळतं.

स्टुडिओ बसवण्यात सांगण्यासारखं काही नाही, इन्स्टॉलर चालवायचा. लिओकॅडसोबतही सुटे भाग, म्हणजे स्क्रीनवरच्या विटा, येतात. नवे हवे असतील तर एलड्रॉची ‘कंप्लीट’ झिप उतरवायची. (एलड्रॉ म्हणजे जेम्स जेसिमन यांनी 1995 साली सुरू केलेली, विटांची मॉडेल्स कॉम्प्युटरवर मांडायची पद्धत; लिओकॅड तिच्याच भागांवर चालतं.) झिप न उलगडता तिचाच पत्ता सेटिंगमध्ये दिला तरी चालतं, आणि तेच बरं. कारण उलगडली की फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर तयार होतो आणि हमखास बाहेरचा पत्ता दिला जातो. ज्यात ‘पार्ट्स’ आणि ‘पी’ हे दोन्ही समोर दिसतात, तो फोल्डर हवा. ‘पी’मध्ये स्टड (विटेवरचे गोल उंचवटे), नळकांडं असे मूळ आकार असतात आणि प्रत्येक वीट ते तिथून उचलते. तो फोल्डर सापडला नाही की विटा बोडक्या, अर्धवट दिसतात. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये मात्र काही उलगडू नका, पुढे अपडेट करताना परवानगी आडवी येते.

आता माप. दोन स्टडमधलं अंतर 8 मिमी, वीट 9.6 मिमी उंच, प्लेट म्हणजे चपटी वीट 3.2 मिमी. 1:200 प्रमाण धरलं तर पुलावरची पुराची 40 फुटांची इशारा पातळी 61 मिमीवर येते, म्हणजे 19 प्लेट. 45 फुटांची धोका पातळी 68.6 मिमी, 21 प्लेट लावल्या तर 67.2 मिमी, जेमतेम दीड मिमी कमी. चालतं.

या पातळ्या दाखवणारी प्लेटची पट्टी खांबाला चिकटवताना दोन्हींतला फरक कळतो. स्टुडिओत वीट स्टडवर बरोबर बसते आणि दुसरीत घुसली तर लगेच दिसतं. लिओकॅडमध्ये दोन विटा एकमेकींत शिरल्या तरी ते तक्रार करत नाही. कमानीखाली अशी चूक लपते आणि खऱ्या विटा हातात आल्यावर डोक्याला हात लावायची पाळी येते. म्हणून विटा खरंच मागवायच्या असतील तर स्टुडिओ घ्या. कोणती वीट कोणत्या रंगात मिळते, हेही तिथे कळतं. चित्रासाठी किंवा मुलांना शिकवायला लिओकॅड पुरे.

स्टुडिओची फाइल लिओकॅडवाल्याला द्यायची तर ती आधी एलड्रॉ स्वरूपात एक्सपोर्ट करा, आणि मूळ ‘डॉट आयओ’ फाइल जपून ठेवा. एलड्रॉत नसलेले भाग समोरच्याला दिसत नाहीत.